‘बॅच होल्ड केली’ हे इंग्रजीत कसे सांगायचे? मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराची मुलाखतीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून, त्यानंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा, भोसरीतल्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता विभागात ३ वर्षांचा अनुभव, आणि आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीत साधारण २ महिन्यांनी मुलाखत होण्याची शक्यता. प्रश्नकर्ते लिहितात की विचारलेले बहुतेक कळते, पण उत्तर आधी मनात मराठीत तयार होते आणि त्याचे भाषांतर जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या प्रश्नाकडे वळलेला असतो; तर २ महिन्यांत इंग्रजी कसे सुधारावे?

मी बरीच वर्षे कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केले, मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो आणि आता डिप्लोमा झालेल्या मुलामुलींची तयारी करून घेतो. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगतो की २ महिन्यांत तुमचे इंग्रजी सुधारणार नाही, आणि तसे छातीठोकपणे सांगणाऱ्या वर्गाला पैसे भरू नका. मात्र तुम्ही ३ वर्षांत जे काम केले ते इंग्रजीत नीट सांगता येण्यासाठी २ महिने पुरेसे आहेत. ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला अंत नाही. दुसऱ्याला आहे, कारण तुमच्या कामाची व्याप्ती ठरलेली आहे आणि त्यावर विचारले जाणारे प्रश्नही बऱ्यापैकी ठरलेले आहेत.

तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही, हेही लक्षात घ्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटले. म्हणजे तुम्ही दहा वर्षे इंग्रजी वाचले आणि लिहिले आहे, फक्त ते तोंडातून फारसे बाहेर पडलेले नाही. त्यावर डिप्लोमाची पुस्तके इंग्रजीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखान्यातली रोजची भाषा. तुमच्या शॉपमधले एक वाक्य पाहा: ‘नवीन इन्सर्ट टाकल्यावर बोअर मोठा आला, नो-गो आत गेला, म्हणून मी बॅच होल्ड केली, मागचे चाळीस पीस चेक केले, सहा रिजेक्ट निघाले, मग सेटरकडून ऑफसेट करेक्ट करून घेतला.’ (इन्सर्ट म्हणजे मशीनवरचे बदलता येणारे कापणारे पाते, बोअर म्हणजे भागात कोरलेले भोक, नो-गो म्हणजे मापाच्या गेजची भोकात जाऊ नये अशी बाजू, बॅच होल्ड करणे म्हणजे तो माल तपासणीसाठी अडवून ठेवणे, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती आणि सेटर म्हणजे मशीन जुळवून देणारा.) हे वाक्य मराठी आहे यात शंका नाही, पण त्यातली नामे जवळजवळ सगळी इंग्रजी आहेत आणि क्रियापदेसुद्धा निम्मी इंग्रजीच आहेत. आपण त्यांना फक्त ‘करणे’ जोडले आहे. होल्ड करणे, चेक करणे, करेक्ट करणे, रिजेक्ट करणे, इन्फॉर्म करणे, रिपोर्ट करणे, अप्रूव्ह करणे.

तेव्हा पहिले काम हे की ते ‘करणे’ काढून टाकायचे आणि इंग्रजी क्रियापदाला त्याचे स्वतःचे भूतकाळाचे रूप द्यायचे. ‘होल्ड केली’ याचे ‘हेल्ड’ होते, ‘चेक केले’ याचे ‘चेक्ड’, ‘इन्फॉर्म केले’ याचे ‘इन्फॉर्म्ड’. गुणवत्ता विभागातल्या माणसाला अशी २५ ते ३० क्रियापदे पुरतात, आणि ती तुम्ही रोज वापरताच. एका वहीत डाव्या बाजूला तुमचे शॉपमधले मराठी वाक्य आणि उजव्या बाजूला त्याचे इंग्रजी क्रियापद भूतकाळात, एवढेच लिहा. पूर्ण इंग्रजी वाक्य लिहू नका. लिहिले की ते पाठ करण्याचा मोह होतो.

वरचा बोअरचा प्रसंग आता इंग्रजीत सांगून पाहू. बोअर २५ एच७ चा धरू, म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. नवीन इन्सर्ट बसवल्यावर तो वाढवलेला ऑफसेट तसाच राहिला तर बोअर मोठा येतो आणि प्लग गेजची नो-गो बाजू आत जाते. हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही, आणि मुद्दाही तोच आहे: विषय तुमच्या हातातला आहे. आता वाक्ये: ‘आफ्टर ॲन इन्सर्ट चेंज, द बोअर वॉज ओव्हरसाइज. द नो-गो साइड वेंट इन. आय स्टॉप्ड द मशीन अँड हेल्ड द बॅच. आय चेक्ड द लास्ट फॉर्टी पीसेस. सिक्स पीसेस वेअर रिजेक्टेड. द सेटर करेक्टेड द ऑफसेट. नाउ वी चेक द फर्स्ट पीस आफ्टर एव्हरी इन्सर्ट चेंज.’ सात वाक्ये, एकही दहा शब्दांपेक्षा मोठे नाही, एकही अवघड शब्द नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला कळते की हा माणूस मशीनजवळ उभा राहिलेला आहे, त्याला कारण समजते आणि त्याने पुढची व्यवस्था लावली आहे. मुलाखत घेताना आम्ही टाचण करतो ते यावरच. वाक्य किती लांब होते याची नोंद करण्यासाठी आमच्या कागदावर रकाना नसे.

मराठीत ‘करून घेतला’ म्हणताना आपण दुसऱ्याकडून करवलेले काम सहज सांगतो. ते जसेच्या तसे इंग्रजीत न्यायला गेले की वाक्य अडकते आणि भाषांतर चुकते. अशा ठिकाणी कर्ता बदला. ज्याने काम केले त्याचे नाव पुढे घ्या, ‘द सेटर करेक्टेड’, आणि तुमचा वाटा वेगळ्या वाक्यात सांगा, ‘आय आस्क्ड हिम टु चेक द ऑफसेट.’ ‘माझ्याकडून चूक झाली’, ‘मला ड्रॉइंग वाचता येते’, ‘मला हे काम मिळाले’ अशा वाक्यांचेही तेच. मराठीत माणूस मागे राहतो आणि घटना पुढे येते, इंग्रजीत मात्र ‘आय’ने सुरुवात करावी लागते: ‘आय मेड अ मिस्टेक’, ‘आय कॅन रीड ड्रॉइंग्ज’. भाषांतर अडले की शब्द शोधू नका, आधी ‘हे कोणी केले?’ असे स्वतःला विचारा आणि त्या माणसापासून वाक्य सुरू करा. भाषांतरात जाणारा तुमचा निम्मा वेळ इथेच वाचेल.

याच ‘आय’च्या बाबतीत आपल्याकडे संकोच फार. ‘आम्ही रिजेक्शन कमी केले’, ‘आम्ही फिक्स्चर बदलले’ असे म्हणणे मराठीत सभ्यपणाचे आहे, पण मुलाखतीत सगळेच ‘वी’ ऐकले की समोरच्याला प्रश्न पडतो की यातले याने नेमके काय केले. वाटल्यास पहिले वाक्य ‘वी’चे ठेवा, पण दुसरे ‘माय पार्ट वॉज’ असे सुरू करा. त्यात बढाई नाही. उलट बाजूने, आपण आदराने वरिष्ठांना अनेकवचन वापरतो, त्यामुळे ‘माझे सर म्हणाले’ याचे ‘माय सर, दे टोल्ड मी’ असे होते, आणि परप्रांतातल्या किंवा परदेशी मुलाखतकाराला वाटते की तिथे तीन-चार साहेब होते. साहेब एक असतील तर ‘ही’, बाई असतील तर ‘शी’. इंग्रजीत यात अनादर नाही.

आता ‘हो’ आणि ‘नाही’. मला सर्वांत जास्त उमेदवार यात अडखळताना दिसले. एका मुलाखतीत आमच्यातल्या एकाने, जो मराठी नव्हता, उमेदवाराला विचारले, ‘यू हॅव नॉट हँडल्ड कस्टमर कम्प्लेंट्स, राइट?’ मुलाने मराठीच्या सवयीने ‘येस सर’ म्हटले, म्हणजे ‘बरोबर, केलेले नाही.’ मुलाखतकाराने त्याचा अर्थ ‘केलेले आहे’ असा घेतला आणि म्हणाला, एखादी तक्रार सांग. मुलगा गप्प. पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. खोटे बोलत होता आणि पकडला गेला, असे टेबलाभोवतीच्या दोघांचे मत झाले. मला घोटाळा कळला होता, म्हणून तो बाहेर गेल्यावर मी समजावून सांगितले आणि त्याला पुन्हा आत बोलावले. प्रत्येक टेबलावर असा कोणी असेलच असे नाही. मराठीत आपण विचारणाऱ्याच्या विधानाशी सहमत आहोत की नाही हे ‘हो’ किंवा ‘नाही’ने सांगतो, इंग्रजीत काम झाले असेल तर ‘येस’, झाले नसेल तर ‘नो’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. म्हणून नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबूच नका. ‘नो सर, आय हॅव नॉट’ किंवा ‘येस सर, आय हॅव’ असे पूर्ण म्हणा, आणि याचा सराव मित्राकडून मुद्दाम उलटे प्रश्न विचारून घ्या. पंधरा-वीस वेळा केल्यावर तोंडाला वळण लागते.

जे येत नाही ते सांगण्याची पद्धतही इथेच ठरवून टाका. तुम्ही लहान कारखान्यात होतात, तेव्हा सीएमएमवर, म्हणजे भागाची मापे घेणाऱ्या संगणकीय यंत्रावर, काम केलेले नसेल. ‘आय हॅव नॉट यूज्ड अ सीएमएम. आय हॅव यूज्ड अ हाइट गेज, अ बोअर गेज अँड अ मायक्रोमीटर.’ एवढे पुरे. यानंतर तुमच्याच हत्यारांवर प्रश्न येतात, आणि ते तुम्हाला हवेच आहेत. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) ०.०२ आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिलिमीटर, हे इंग्रजीत उच्चारून पाहिले आहे का? ‘झीरो पॉइंट झीरो टू’. ठाऊक असलेला आकडा तोंडाने उच्चारताना अडखळणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले आहेत, कारण आकडे आपण मनात मराठीतच मोजतो. साडेतीन, पावणेदोन, अडीचशे यांचे मनातल्या मनात रूपांतर करायला वेळ लागतो. रिजेक्शनची टक्केवारी, शिफ्टचे उत्पादन, पगार, साल, सगळे आकडे इंग्रजीत मोठ्याने म्हणून ठेवा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत ‘थर्टीन’चा शेवट लांबवा, आणि तरी शंका वाटली तर ‘वन थ्री’ असे सुटे सांगा. पगार लाखात सांगायला हरकत नाही. पण चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जर्मन आणि कोरियन कंपन्या आहेत, आणि समोर परदेशी माणूस असेल तर त्याला ‘लॅक’ कळेलच असे नाही, म्हणून हजारांत सांगता आले पाहिजे.

उच्चारांवर फार वेळ घालवू नका. आपला उच्चार मराठी वळणाचा राहणार, आणि त्यात कमीपणा नाही. तुमच्या विभागापुरता एकच शब्द मात्र सांभाळा. मोजणे या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि ‘मेजर डिफेक्ट’मधला ‘मेजर’ हे दोन्ही आपण एकसारखेच उच्चारतो. ‘वी मेजर द डिफेक्ट’ आणि ‘मेजर डिफेक्ट’ एकाच उत्तरात आले की गुणवत्तेच्या माणसासमोर गोंधळ होतो. सोपा उपाय म्हणजे मोजण्यासाठी ‘चेक’ वापरा आणि ‘मेजर’ दोषासाठी राखून ठेवा.

व्याकरणातल्या चुका सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. ‘मायसेल्फ अमुक’ अशी ओळख करून दिल्यामुळे मी कोणाला नाकारलेले नाही, नाकारलेले पाहिलेही नाही. ‘माय नेम इज’ म्हणा आणि विषय सोडून द्या. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, ते चुकत राहतील, चुकू द्या. मात्र अनुभवाविषयीचे वाक्य अचूक हवे, कारण तिथे चूक झाली की अर्थच बदलतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटले की नोकरी सुटली असे समजले जाते आणि का सोडली हा प्रश्न येतो. ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ हे ‘तीन वर्षांपासून’चे शब्दशः भाषांतर आहे, ते कळते, पण खटकते. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स’ हे एवढे एकच वाक्य पाठ करा. बाकी पाठांतर नको.

पाठांतराला माझा विरोध नीतीचा नाही, व्यवहाराचा आहे. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चे उत्तर कोणाकडून तरी लिहून घेऊन, किंवा हल्ली मोबाइलवरच्या एआय साधनाकडून तयार करून घेऊन, उमेदवार ते धडाधड म्हणतात. त्यात ‘डायनॅमिक’, ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द हमखास असतात. मग मी त्यातलाच एखादा शब्द उचलून उदाहरण मागतो आणि दुसऱ्याच वाक्याला इंग्रजी इतके बदलते की समोर दुसराच माणूस बसल्यासारखे वाटते. ती दरी तुमच्या खऱ्या इंग्रजीपेक्षा जास्त नुकसान करते. ओळख अशी ठेवा की तिच्यातल्या प्रत्येक वाक्यावर तुम्हाला आणखी तीन वाक्ये बोलता येतील: नाव, गाव, डिप्लोमा कुठून आणि कधी, आता कुठे आणि काय तपासता, आणि सर्वांत चांगले केलेले एक काम. कामाचे शेवटचे वाक्य जाणूनबुजून आमिषासारखे ठेवा, म्हणजे पुढचा प्रश्न त्यावर येईल. एआयचा उपयोग करायचाच असेल तर उत्तर लिहून घेण्यासाठी नको. तुमच्या कामाची माहिती देऊन त्याच्याकडून प्रश्न विचारून घ्या आणि उत्तरे तोंडी द्या.

रोजची पद्धत साधी ठेवा. आपल्या कामातले असे दहा-बारा प्रसंग निवडा: एक चूक तुमची स्वतःची, एक दुसऱ्याची तुम्ही पकडलेली, ऑडिटमधला एखादा मुद्दा, ऑपरेटरशी झालेला वाद, घाईची एखादी डिस्पॅच. प्रत्येक प्रसंग आधी मराठीत मोठ्याने सांगा, कारण जे मराठीत विस्कळीत आहे ते इंग्रजीत कधीच नीट येणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण इंग्रजीची नसतेच, प्रसंग कुठून सुरू करायचा हे ठरलेले नसते. मग तोच प्रसंग दीड मिनिटात इंग्रजीत सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐका. ज्या ठिकाणी अडलात तेवढाच शब्द वहीत लिहा आणि पुन्हा सांगा, पण वेगळ्या शब्दांत. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले आठ दिवस नकोसे वाटते, ते सगळ्यांचेच होते. दिवसाला एक प्रसंग, अर्धा तास, यापेक्षा जास्त केले तर शिफ्ट सांभाळून ते टिकणार नाही. चौथ्या आठवड्यापासून समोर माणूस हवा, आणि तो तुमच्यापेक्षा फार चांगले इंग्रजी बोलणारा नसला तरी चालेल. त्याने मध्येच तोडून ‘व्हाय?’ आणि ‘हाउ मेनी?’ विचारावे, एवढीच त्याची नेमणूक.

ऐकण्याचा सरावही लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात. मुलाखत घेणारा चेन्नईचा असेल, लुधियानाचा असेल, फोनवरची पहिली फेरी असेल तर आवाज तुटत असेल. प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी?’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणू नका. जेवढा कळला तेवढा परत सांगून विचारा: ‘डू यू मीन रिजेक्शन इन माय लाइन, ऑर इन द होल प्लांट?’ यात तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात आणि तुम्ही प्रश्न लक्षपूर्वक ऐकला हेही दिसते. उत्तराआधी थोडे थांबणे वाईट नाही. ‘लेट मी थिंक’ म्हणून थांबा. शांतता उमेदवाराला जेवढी लांब वाटते तेवढी ती टेबलाच्या या बाजूला वाटत नाही.

मराठीत किंवा हिंदीत बोलू का, असे विचारावे की नाही? माझे मत असे की सुरुवातीलाच विचारू नये, पण एखादी तांत्रिक गोष्ट मध्येच अडली तर एकदा जरूर विचारावे: ‘मे आय एक्सप्लेन धिस पार्ट इन हिंदी?’ शॉप फ्लोअरच्या पदांसाठी पुणे परिसरात मुलाखतकार बहुधा हो म्हणतात, कारण तुम्हाला पुढे रोज ज्या ऑपरेटरांशी बोलायचे आहे ते इंग्रजीत बोलत नाहीत. त्या भागानंतर स्वतःहून इंग्रजीवर परत या. कागद-पेन मागून बोअरची आकृती काढणे हा याहूनही चांगला मार्ग आहे. आकृतीवर बोट ठेवून ‘धिस साइज, धिस साइड’ म्हटले तरी अर्ध्या वाक्यांचे काम होते.

नोकरी का बदलता, पगार किती हवा, या प्रश्नांची उत्तरे दोन-दोन वाक्यांत ठेवा. सध्याच्या मालकाविषयी तक्रार इंग्रजीत सांगायला गेलात तर ती मराठीपेक्षा दुप्पट कडवट ऐकू येते, कारण मऊ करणारे शब्द आपल्याजवळ नसतात. ‘आय वाँट टु वर्क विथ बिगर मशीन्स अँड अ फुल क्वालिटी सिस्टीम’ हे खरेही आहे आणि सोपेही.

शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचे आहे का. एक प्रश्न तयार ठेवा, कामाबद्दलचा: ‘व्हिच पार्ट्स विल आय चेक इन द फर्स्ट थ्री मंथ्स?’ आणि बाहेर पडल्यावर परतीच्या बसमध्येच विचारलेले सगळे प्रश्न आठवतील तसे वहीत मराठीत लिहून काढा, कारण घरी पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे जातात, आणि त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत त्यातले बरेचसे पुन्हा तसेच विचारले जातात.